दर गणेश चवथीला पंप थरथरतो, बेअरिंग बदललं तरी परत तेच

आधी लक्षणं सांगतो. तुमच्या पंपाचं दुखणं हेच असेल तर पुढे वाचा, नायतर उगाच वेळ घालवू नका.

मशीन म्हणजे पाच स्टेजचा आडवा रिंग सेक्शन पंप, २९६० आरपीएम, १३२ किलोवॅटची मोटर, हेड साधारण १८० मीटर. गोव्यात फोंडा तालुक्यात नदीकाठी आमचं पंपहाऊस आहे, तिथून पाणी उचलून डोंगरावरच्या टाकीत टाकतो आणि टाकीतून ते कारखान्याला जातं. मे महिन्यात पंप पूर्ण उघडून ओव्हरहॉल होतो. जूनमध्ये बेअरिंगवर व्हायब्रेशन २.१ मिमी प्रति सेकंद, एकदम गोड आवाज. जुलै संपता संपता साडेतीन. मग ऑगस्टमध्ये पाच, आणि चवथीच्या तोंडावर, म्हणजे अर्धा स्टाफ माटोळीचं (गणपतीवरच्या फळापानांच्या छताचं) सामान आणायला सुटीवर गेलेला असतो नेमकं तेव्हा, सात ओलांडून ट्रिपची, म्हणजे पंप आपोआप बंद पडायची भाषा सुरू. स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन याचा आलेख) काढला तर नुसता वन एक्स, म्हणजे फिरण्याच्या वेगाचाच कोंब उंच. टू एक्स नगण्य, बेअरिंगच्या फ्रिक्वेन्सीज नाहीत, इम्पेलरला (पाणी फेकणाऱ्या चाकाला) सात पाती आहेत तर सात एक्सवर थोडं काहीतरी, ते तर नेहमीचंच.

असं सलग तीन वर्षं झालं.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी बेअरिंगवर खापर फोडलं. दोन्ही बाजूची बेअरिंगं बदलली, ७.४ चं ६.६ झालं, आम्ही खूश, आठवड्याभरात परत ७.३. सप्लायर म्हणाला आधीचं बेअरिंग डुप्लिकेट असणार, ओरिजिनल घ्या. घेतलं. तेच. मी काढलेलं बेअरिंग वर्कशॉपमध्ये ग्राइंडरने कापून बघितलं, रेस आरशासारखी, एक खड्डा नाही, गोळ्यांवर ओरखडा नाही. म्हणजे चांगली बेअरिंगं काढून आम्ही चांगलीच बेअरिंगं बसवत होतो.

दुसऱ्या वर्षी फाउंडेशन. एक सीनियर म्हणाले, चिऱ्याची जमीन आहे, पावसात पाणी मुरतं, पाया सैल होतो, म्हणून तर फक्त पावसातच होतं ना. ऐकायला अगदी पटतं. एवढा खर्च करून परत ग्राउटिंग (बेसप्लेटखालचं भरण) केलं, बोल्ट नवे घातले. पण बेसप्लेटवर रीडिंग घेतलं तेव्हा तिथे ०.६ होतं आणि बेअरिंग हाऊसिंगवर ७, आणि पाया ते बेसप्लेट जोडाच्या वर-खाली फेज (फेऱ्याच्या कोणत्या कोनात कंपन सर्वात जास्त ते) सारखीच. पाया सैल असता तर त्या जोडावर फेज तुटली असती. हे ग्राउटिंगच्या आधी बघायला हवं होतं हे मान्य, नाही बघितलं.

आता यातला खरा चकवा बघा. मे महिन्यात ओव्हरहॉल करताना आम्ही सगळंच एकदम बदलायचो, बेअरिंग, स्लीव्ह, ग्लँडची डोरी, वेअर रिंग, बॅलन्स ड्रमचा (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा रेटा पेलणाऱ्या ड्रमचा) बुश, सगळं. मग जूनमध्ये पंप शांत. श्रेय कोणाला? बेअरिंगला, कारण किमतीत तेच सगळ्यात महाग आणि बिलावर तेच ठळक. पाच गोष्टी एकदम बदलल्या की बरं कशाने वाटलं ते कधीच कळत नाही, हे आपण ताप आल्यावर घरी पण करतो.

तिसऱ्या वर्षी एका बाहेरच्या सल्लागाराकडून रोटर डायनॅमिक्सचा, म्हणजे फिरणारा शाफ्ट कसा थरथरतो याच्या हिशोबाचा रिपोर्ट आणला. त्यात शाफ्ट, पाच इम्पेलर आणि दोन टोकांना दोन बेअरिंग असं मॉडेल, आणि निष्कर्ष असा की पहिला क्रिटिकल स्पीड, म्हणजे ज्या वेगाला फिरणं शाफ्टच्या नैसर्गिक कंपनाशी जुळून तो जोरात थरथरतो तो वेग, २४०० आरपीएम, तुम्ही चालवता २९६० ला, म्हणजे क्रिटिकलच्या २३ टक्के वर आहात, सुरक्षित आहात, बॅलन्सिंग करून घ्या. बॅलन्सिंग केलं. जूनमध्ये २.१, चवथीला ७.१. बॅलन्सिंगने रोग गेला नाही, फक्त त्याची उंची तीन टक्के कमी झाली.

तो २४०० चा आकडा चुकीचा नव्हता बरं का. तो कोरड्या पंपाचा आकडा होता. आमचा पंप कोरडा कधी चालत नाही.

सीलवरून आमच्याकडे आधी जो शब्दांचा घोळ झाला तो पण सांगतो. मॉडेलमध्ये सील टाकायला पाहिजे असं मी म्हटल्यावर स्टोअरवाल्याने मेकॅनिकल सीलचा पार्ट नंबर काढून दिला. पंपाच्या कामात सील म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेकॅनिकल सील नायतर ऑइल सील येतं, पाणी बाहेर गळू नये म्हणून असतं ते. रोटर मॉडेलमधलं सील वेगळं. फिरता भाग आणि स्थिर भाग यांच्यामधली अरुंद फट, जिच्या एका बाजूला जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी, आणि तिच्यातून पाणी जोरात पळतंय, ती फट म्हणजे सील. इम्पेलरच्या तोंडाशी वेअर रिंग, दोन स्टेजच्या मध्ये बुश, शेवटी बॅलन्स ड्रम. या फटी गळती कमी करायला असतात असं आपण शिकलो, पण त्या शाफ्टला धरून पण ठेवतात. याला लोमाकिन इफेक्ट म्हणतात, सोव्हिएत रशियातल्या लोमाकिन नावाच्या इंजिनियरवरून.

धरून कसं ठेवतात ते समजून घ्या, कारण उलटं समजायची शक्यता जास्त आहे. शाफ्ट समजा खाली सरकला. खालची फट बारीक झाली, वरची मोठी. बारीक फटीत घर्षण जास्त, पाणी हळू जातं, हळू जातं म्हणून फटीत शिरताना दाबाचं नुकसान कमी, म्हणून तिथे आतला दाब जास्त राहतो. वरच्या मोठ्या फटीत पाणी जोरात शिरतं, शिरतानाच दाब गमावतं, तिथे दाब कमी. म्हणजे खालून जास्त ढकल, वरून कमी, शाफ्ट परत मध्यावर. रिंग म्हणजे एक स्प्रिंगच झाली, पाण्याची. आणि ऑइल बेअरिंगसारखं शाफ्ट फिरला तरच ताकद असं इथे नाही, ताकद दाबफरकातून येते.

आता आमच्या पंपाचे आकडे, गोल करून. शाफ्टचा मधल्या भागाचा स्वतःचा ताठपणा साधारण २० लाख न्यूटन प्रति मीटर. टोकाची रोलर आणि अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंगं प्रत्येकी १० कोटीच्या आसपास. एक वेअर रिंग, १५० मिमी व्यास, २० मिमी लांबी, तिच्यावर अडीच बार दाबफरक, तिचा ताठपणा ६ लाख. पण अशा पाच रिंगा, आणि त्या पाचही नेमक्या शाफ्टच्या मधल्या भागात, जिथे शाफ्ट सगळ्यात जास्त वाकतो तिथे. बॅलन्स ड्रमवर जवळजवळ सगळा दाब म्हणजे १६-१७ बार बसतो, त्यामुळे एकटा ड्रम ५५ लाखांचा, एका रिंगेच्या नऊ पट, पण तो बसलाय टोकाला बेअरिंगशेजारी, तिथे शाफ्ट मुळात हलतच नाही तर धरून काय ठेवणार. एकूण पाण्याच्या ताठपणात त्याचा हिस्सा पाव भाग पण आला नाही. सगळं मिळून पाण्याचे ३३ लाख. म्हणजे शाफ्टच्या पोलादाचे २० आणि पाण्याचे ३३! हे बघितलं तेव्हा मी हिशोब तीनदा केला.

म्हणून नव्या रिंगांना क्रिटिकल २४०० नाही, ३९०० च्या जवळ. आम्ही क्रिटिकलच्या वर कधी नव्हतोच, खाली होतो, आणि रिंगा झिजतील तसा तो आकडा वरून आमच्या दिशेने खाली येत होता.

झिजतात कशाने हे गोव्यात सांगायला नको. पावसाळ्यात नदी लाल होते, चिऱ्याची माती, वाळू, वरच्या डोंगरांवरून धुऊन आलेलं सगळं. असल्या पाण्याला मल्टीस्टेज पंप लावायलाच नको होता, खालच्या टाकीत आधी गाळ बसू द्यायचा आणि मग उचलायचं हे बरं, पण तो निर्णय माझ्या आधीचा. रिंगा ब्राँझच्या. जूनमध्ये व्यासावर ०.४५ मिमी क्लिअरन्स, आणि चवथीनंतर उघडला तेव्हा बोअर गेजने ०.९० च्या वर, एक रिंग ०.९५. क्लिअरन्स दुप्पट झाला की पाण्याचे ३३ लाख घसरून साडेतेरा लाखांवर आले आणि क्रिटिकल ३१०० ला. चालवतोय २९६०. पाच टक्क्यांचं अंतर. वर रिंगेतलं पाणी जे डॅम्पिंग देतं, म्हणजे थरथर शोषून घेतं, ते पण झिजल्यावर कमी होतं, म्हणजे शत्रू जवळ आला आणि ढाल पण गेली. मग थरथरल्यामुळे रिंग घासते, घासल्यामुळे अजून झिजते, शेवटचे तीन आठवडे म्हणूनच एवढे वेगाने बिघडतात.

आता मॉडेलबद्दल, कारण खरे अपघात तिथेच होतात. मी रॉस नावाची पायथनची फुकट लायब्ररी वापरली, तीत शाफ्टचे तुकडे, डिस्क, बेअरिंग आणि सील असे वेगवेगळे एलिमेंट देता येतात. दुसरं काही वापरत असाल तरी चुका याच होणार.

माझी पहिली चूक, लाजिरवाणी. ड्रॉइंगवर क्लिअरन्स ०.४५ लिहिलेला, मी फॉर्म्युलात ०.४५ टाकला. क्रिटिकल आला ३१००. मी आनंदाने उडालो, सापडलं म्हणून, लगेच प्रिंट काढून मॅनेजरच्या टेबलावर. आमचे फिटर, ज्यांना आम्ही मेस्त म्हणतो, ते नुसते प्रिंटकडे बघत होते, मग म्हणाले, "हे तर नव्या रिंगांचं माप हो. मग जूनमध्ये का नाय हलत?" बोलती बंद. ड्रॉइंगवरचा ०.४५ व्यासावरचा, फॉर्म्युल्याला लागतो त्रिज्येवरचा, ०.२२५. मी नकळत झिजलेल्या पंपाचं मॉडेल केलं होतं आणि त्याला नवा समजलो होतो. कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाची चूक मायक्रोमीटरवाल्याने पकडली. तुमचं मॉडेल पहिल्याच फटक्यात तुम्हाला हवं ते उत्तर देत असेल तर सगळ्यात आधी हे दोनचं गुणक तपासा.

दुसरी गोष्ट शाफ्टची. इम्पेलर आणि स्लीव्ह शाफ्टवर ओवून शेवटी नटाने आवळतात, त्या स्लीव्ह शाफ्टला किती ताठ करतात हे कागदावरून कळत नाही. मी आधी त्यांना शाफ्टचाच भाग धरलं. मग रोटर बाहेर काढलेला होता तेव्हा दोन पट्ट्यांनी क्रेनला टांगला, मध्यावर सेन्सर चिकटवला आणि रबरी तोंडाच्या हातोड्याने ठोकला. मोजमापात ८७ हर्ट्झ, मॉडेलमध्ये दोन्ही टोकं मोकळी धरून ९६. स्लीव्हचं फक्त वजन ठेवलं, ताठपणा काढून टाकला, ८६ आले. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि याच्याशिवाय पुढचं सगळं हवेत. हा आकडा जुळेपर्यंत सीलला हात लावू नका, नायतर शाफ्टची चूक सीलच्या आकड्यात लपवाल. इम्पेलरच्या पोटात पाणी असतं त्याचं वजन पण डिस्कमध्ये धरायचं, मी सुरुवातीला विसरलो होतो.

बेअरिंगचं म्हणाल तर तिथे फार डोकं घालवू नका, निदान असल्या पंपाला. मी बेअरिंगचा ताठपणा १० कोटींचा ५ कोटी करून बघितला, क्रिटिकल हलला दहा-पंधरा आरपीएम. २० लाखांच्या शाफ्टपुढे बेअरिंग भिंतीसारखं आहे, भिंत अर्धी जाड केली काय आणि दुप्पट केली काय. तीन वर्षं आम्ही जे बदलत होतो त्याने मॉडेलमध्ये अर्धा टक्का फरक पडतो. मग बदलल्यावर ७.४ चं ६.६ कशाने झालं हे विचाराल, तर बेअरिंग काढताना कपलिंग सुटतं, अलाइनमेंट परत होते, थोडं इकडेतिकडे होतंच.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सीलचा ताठपणा एकच आकडा म्हणून देऊ नका, स्पीडप्रमाणे टेबल द्या. स्पीड वाढला की पंपाचा दाब स्पीडच्या वर्गाने वाढतो, दाब वाढला की रिंगेचा ताठपणा वाढतो, म्हणजे क्रिटिकल पण तुमच्याबरोबर वर सरकतो. म्हणून वर मी ३९०० आणि ३१०० म्हटलं ते २९६० ला चालताना रोटरची जी नॅचरल फ्रिक्वेन्सी असते ती. खरा ग्राफ काढला, आडवा स्पीड आणि उभी नॅचरल फ्रिक्वेन्सी, तर नव्या रिंगांना ती रेषा स्पीडच्या रेषेला कुठेच छेदत नाही, पंप कितीही पळवा, क्रिटिकल पुढेच पळतो. दुप्पट क्लिअरन्सला मात्र दोन्ही रेषा ३२०० च्या आसपास भेटतात, आणि अजून थोडं झिजलं की तो भेटीचा बिंदू सरळ २९६० वर. या ग्राफपुढे मी बराच वेळ बसलो होतो, खरं सांगतो.

याच कारणाने व्हीएफडीवाला (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण लावायचा) उपाय वाटतो तेवढा चालत नाही. आमच्या एकाने सुचवलं, ४५ हर्ट्झला चालवूया, २६६५ आरपीएम, क्रिटिकल ३१०० म्हणजे सोळा टक्के अंतर. पण दाब कमी झाला म्हणून क्रिटिकल पण २९८० ला उतरतो, हातात मिळतात बारा टक्के. वाईट नाही, चवथीचे दहा दिवस काढायला ठीक. पण १८० मीटर हेडवर स्पीड कमी केला की पाणी किती चढेल हे आधी पंपाच्या कर्व्हवर बघा, आमचा फ्लो एवढा पडला की टाकी दुपारपर्यंत भरेना.

आता मॉडेल न करता, पंप न उघडता ओळखायचं कसं, कारण प्रत्येकाकडे लायब्ररी आणि वेळ नसतो. एक म्हणजे फेज. शाफ्टवर चमकती पट्टी लावून लेझर टॅकोने वन एक्सची फेज जूनपासून लिहून ठेवा. नुसता अनबॅलन्स वाढला, म्हणजे पात्यावर काही अडकलं किंवा तुकडा उडाला, तर फेज बहुधा एकदम उडी मारते आणि मग तिथेच राहते. आमची जून ते सप्टेंबर हळूहळू सरकत ३० ते ३५ अंश मागे गेली, कुठे उडी नाही. हे क्रिटिकल जवळ येण्याचं लक्षण. दुसरं, डिलिव्हरी वॉल्व्ह थोडासा दाबा, म्हणजे थोडा बंद करा. दाब वाढतो, रिंगेचा ताठपणा वाढतो, आमच्याकडे ७.० चं ६.२ झालं पाच मिनिटांत. जास्त दाबू नका, कमी फ्लोवर आतलं पाणी घुमायला लागतं आणि वेगळंच व्हायब्रेशन सुरू होतं, मग परीक्षेचा अर्थ राहत नाही.

आणि तिसरी खूण आमच्या ऑपरेटरच्या वहीत तीन वर्षं पडून होती. तो माणूस रोज टाकी भरायला घेतल्याची आणि भरल्याची वेळ लिहितो, कोणी सांगितलेलं नाही, त्याची सवय. एक दिवस मी व्हायब्रेशन लिहीत असताना तो मागून म्हणाला, "सायबा, टाकी भरपाक हालीं चड वेळ लागता." म्हणजे टाकी भरायला हल्ली जास्त वेळ लागतो. वही उघडली. जूनमध्ये ६ तास. चवथीच्या आठवड्यात ६ तास ३५ मिनिटं. मागच्या वर्षी पण तसंच, त्याच्या मागच्या वर्षी पण. रिंगा झिजल्या की पाणी आतल्या आत मागे फिरतं, वर कमी जातं. फाउंडेशन सैल झालं म्हणून किंवा बेअरिंग डुप्लिकेट आहे म्हणून टाकी उशिरा भरत नाही. ही एक वही पहिल्या वर्षी कोणी वाचली असती तर ग्राउटिंगचा खर्च वाचला असता. मी पण रोज त्या टेबलावर चहा पीत होतो.

ज्यांच्या स्पेक्ट्रममध्ये वन एक्स नाही तर ०.४२ ते ०.४८ एक्सवर कोंब आहे, त्यांनी हे सगळं सोडून द्या, तुमचं प्रकरण वेगळं. स्लीव्ह बेअरिंग असेल तर ते ऑइल व्हर्ल, तेलाचा थर शाफ्टच्या अर्ध्याहून थोड्या कमी वेगाने घुमतो आणि शाफ्टला बरोबर ढकलत नेतो. तिथे खेळ क्रॉस कपल्ड ताठपणाचा, म्हणजे शाफ्ट खाली सरकला तर बेअरिंग त्याला वर न ढकलता आडवा ढकलतं. अशा मशीनच्या मॉडेलमध्ये बेअरिंगचा एकच आकडा टाकून चालणार नाही, ताठपणाचे चार आणि डॅम्पिंगचे चार असे आठही हवेत, आणि तेलाचं तापमान खरं हवं, डेटाशीटमधलं नको. लांब गुळगुळीत बॅलन्स ड्रम पण अशी आडवी ढकल देतो. आमच्याकडे मॉडेलमध्ये ती टाकून बघितली, डॅम्पिंग पुरेसं होतं, काही फरक नाही.

उपाय काय केला ते. ब्राँझ काढून तेरा टक्के क्रोमियमच्या स्टीलच्या रिंगा, दोन्ही बाजूंच्या कडक केलेल्या. एपीआय ६१० या पंपांच्या अमेरिकन मानकाचा नियम असा की एकमेकांसमोरच्या दोन पृष्ठभागांच्या कडकपणात निदान ५० ब्रिनेलचा फरक हवा, नायतर दोन्ही ४०० च्या वर हवेत, म्हणजे घासल्यावर एकमेकांना चिकटून जॅम होत नाहीत. क्लिअरन्स ०.४५ च ठेवला, त्यांच्या तक्त्यात १५० मिमीला तेवढाच किमान आहे. चिकटणाऱ्या मटेरियलला व्यासावर अजून ०.१२५ वाढवायला सांगतात, पण मग तुम्ही पहिल्या दिवसापासूनच थोडे झिजलेले, हे लक्षात ठेवून ठरवा.

रिंगा बेळगावला उद्यमबागेत बनवून घेतल्या, चोर्ल्याच्या घाटातून दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीचं कारण ऐका. तिथल्या माणसाने सॅम्पल म्हणून दिलेल्या जुन्या रिंगेवर दोन खाचा बघितल्या आणि फोन करून विचारलं, या पण मारू ना? कोणत्या खाचा? आमच्या कोणालाच माहीत नाही. आधीच्या कोणत्यातरी कंत्राटदाराने वाळू अडकू नये म्हणून लेथवर मारलेल्या, आणि पुढे प्रत्येक सेट सॅम्पलवरून बनत गेला. खाचा मारल्या की गळती थोडी कमी होते हे खरं, पण फटीतला दाब खाचेत सगळीकडे सारखा होऊन जातो आणि धरून ठेवायची ताकद बरीच जाते. २० मिमीच्या रिंगेत दोन खाचा म्हणजे राहिलं काय! मी जो ६ लाखांचा हिशोब केला तो साध्या गुळगुळीत रिंगेचा होता, म्हणजे खऱ्या पंपाची अवस्था मॉडेलपेक्षा पण वाईट असणार. जुनी रिंग घेऊन मी स्वतः गेलो, ड्रॉइंग नवीन काढलं, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, खाचा मारायच्या नाहीत.

त्याशिवाय सक्शनचं तोंड डोहाच्या तळापासून मीटरभर वर उचललं आणि मे महिन्यात खालचा गाळ उपसला. याने किती फरक पडला आणि कडक रिंगांनी किती, ते सांगता येणार नाही, दोन्ही एकदम केलं. हो, परत तीच चूक, पण यावेळी कळून केली, कारण चवथ जवळ होती.

गेल्या चवथीला २.९ होतं. फेज जूनपासून सात अंश सरकली. या मे महिन्यात उघडला, रिंगा ०.५५ ते ०.५८, तशाच परत बसवल्या. बेअरिंगला हात लावला नाही, स्टोअरमध्ये तीन जोड्या पडून आहेत, स्टोअरवाला रोज विचारतो कधी नेणार म्हणून.

शेजारचा दोन नंबरचा पंप मात्र अजून जुन्या ब्राँझच्या, खाचावाल्या रिंगांवर आहे, त्याच्या नव्या रिंगांची ऑर्डर मंजुरीत अडकलीय. मॉडेलप्रमाणे क्लिअरन्स ०.७५ ओलांडला की त्याचं चढायला सुरुवात होणार. काल त्याच्यावर ३.८ होतं. वहीत ऑपरेटरने आता दोन रकाने केलेत, एक नंबर, दोन नंबर. दोन नंबरची टाकी काल ६ तास २० मिनिटांनी भरली.